शेजारचं स्टूल

रायपूरच्या भनपुरी भागात वेल्डिंगच्या सळया बनवणारा एक कारखाना होता. वनमाला तिथल्या प्रयोगशाळेत तरुणपणीच लागली आणि तिथंच पिकली. पुढं एका परदेशी कंपनीनं तो विकत घेतला आणि हळूहळू त्याच्या वाटण्या झाल्या. संशोधन पोलंडला गेलं, नवं मोठं उत्पादन व्हिएतनामला. रायपूरच्या वाट्याला जुना माल आणि त्याची तपासणी तेवढी आली. प्रयोगशाळेतली माणसंही पांगली. शिशिर पोलंडला गेला, मंजिरी पुण्याच्या ऑफिसात. वनमालालाही पुण्याला बोलावणं होतं. पण शहरातल्या पुरानी बस्तीतल्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले. ती राहिली.

आता दिवसभरात तिचं बोलणं व्हायचं ते संगणकावरच्या बैठकीत. बैठक संपली की एकेक चेहरा विझायचा आणि सळया सुकवायच्या भट्टीची घरघर तेवढी उरायची. कधीकधी ती मुद्दाम एखादा फालतू प्रश्न काढायची, चेहरे आणखी थोडे थांबावेत म्हणून.

अशात व्हिएतनामहून लान नावाची मुलगी तपासणी शिकायला आली. दोघींचंही इंग्रजी मोडकंतोडकं, पण काम हातांचं होतं. सळईवरचा लेप किती सुकला, तडा कुठून जातो, भट्टीतून कधी काढायचं, वनमाला दाखवायची आणि लान तसंच करून बघायची. चुकली की आपल्याच कपाळावर टिचकी मारून हसायची. एका रविवारी वनमालानं तिला घरी जेवायला नेलं. वडील पांडुरंगराव रेल्वेतून निवृत्त झालेले. ते खाटेवरून तिच्याशी बिनधास्त वऱ्हाडीतच बोलत सुटले.

"पोट्टे, भात घे ना अजून. लाजून काहून राहिली?"

लाननं ताट पुढं केलं. त्या घरात खूप दिवसांनी कुणी मोठ्यानं हसलं.

त्याच आठवड्यात शिशिरचा फोन आला.

"वनमाला, तू तिले सगळंच काहून शिकवून राहिली? तपासणीबी तिकडंच नेणार हायेत. इथं बोलणं चाललंय."

"समजलं होतं मले."

"मंग?"

वनमालानं काचेतून आत पाहिलं. लान मान वाकवून नमुना घासत होती.

"तू गेल्यापासून माझ्या शेजारच्या स्टुलावर कोणी बसलं नव्हतं रे," ती म्हणाली.



वनमालानं लानपासून काहीच राखून ठेवलं नाही. परत जायच्या दिवशी विमानतळावर लाननं तिचा हात धरला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागली. तिलाही ठाऊक होतं तर! वनमालानं तिची पाठ थोपटली. "जा, उशीर होते," ती मराठीतच म्हणाली.

पावसाळा सरता सरता हुकूम आला. यंत्रं खोक्यांत भरून बंदराकडं गेली, खोलीला कुलूप लागलं आणि वनमालाची बदली मालाच्या गोदामात झाली.

एका दुपारी लाननं व्हिडिओ कॉल केला. पाठीमागं उजळ प्रयोगशाळा आणि तरुण मुलामुलींचा घोळका. लाननं त्यांना काहीतरी सांगितलं, तसे सगळे हात जोडून अडखळत "नमस्ते" म्हणाले. वनमालानंही हात जोडले. तेवढ्यात कुणीतरी लानला हाक मारली आणि फोन बंद झाला.

गोदामात पेट्या रचणाऱ्या कलावतीनं फोनकडं बोट दाखवत तिच्या छत्तीसगढीत विचारलं, "कोन रिहिस, दीदी?"

"माझ्या जागेवर काम करते," वनमाला म्हणाली.

"हव," कलावतीनं मान डोलावली आणि पुढची पेटी उचलायला वाकली.