बाराशे ढेपांची गाडी

चैत्री पुनवेला मठापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. राहुरीहून, देवळाली प्रवऱ्याहून, पार केडगावाहून माणसं आली होती. बाकीचे बाबा हवेतून अंगारा काढतात. आमच्या ढेपेबाबांनी नव्या मोटारगाडीचा भाव खाली आणला होता, आणि तोही असा की शिकलेल्या माणसाला नाही म्हणता येऊ नये.

मठाच्या भिंतीवर चुन्याने आकडे रंगवले होते. सन अडुसष्टला गाडी दोन हजार ढेपांना. एकाहत्तरला बाबा आले, आणि तेव्हापासून गाडी उतरू लागली. अठराशे, मग पंधराशे, आणि यंदा, म्हणजे चौऱ्याहत्तरला, बाराशे. आमची वाडी गुऱ्हाळांची. लग्नातला आहेर असो, सुताराची मजुरी असो की बैलजोडी, इथं सगळं गुळाच्या ढेपेत मोजायची रीत. लोकांनी आपापल्या घरी आकडे ताडून पाहिले आणि ते खरे निघाले. मग काय, बाबा देवच झाले.

मी शांतवन, इथल्या शाळेत गणित शिकवतो. मठाची पायरी मी कधी चढलो नव्हतो. त्या दिवशी गेलो तो आक्काबाईंनी बोलावलं म्हणून.

आक्काबाई वाडीची सुईण. अडुसष्टला त्यांची थोरली सून बाळंतपणात अडली आणि दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच गेली. तेव्हापासून वाडीची स्वतःची मोटार हवी, हा त्यांचा एकच ध्यास. दुष्काळात खडी फोडली, पण गाडीसाठी लावलेला नंबर सोडला नाही. यंदा घरोघर फिरून त्यांनी बाराशे ढेपा जमवल्या आणि मठाच्या कोठारात ठेवल्या. नंबर लागल्याचं पत्रही आलं होतं. महिनाअखेर पैसे भरायचे, नाहीतर गाडी पुढच्याला जाणार. घरात धाकटी सून पुष्पावती, तिला आठवा महिना लागलेला.

आणि बाबा म्हणत होते, थांबा. आषाढापर्यंत गाडी आठशेवर आणतो, उरलेल्या चारशे ढेपांत सभामंडप बांधू. घाई करणाऱ्यावर देव रुसतो, वगैरे. मग त्यांनी डोळे मिटले आणि खर्जातल्या आवाजात म्हणाले, "रुपया इसरा, ढेप धरा."

ते वाक्य माझं होतं.

चार वर्षांपूर्वी गुऱ्हाळावर, रस उकळणाऱ्या काहिलीजवळ बसून मी ते गहिनीनाथला सांगितलं होतं. गहिनीनाथ माझा लहानपणापासूनचा मित्र. गुळाच्या आडतीवर कामाला आणि हल्ली बाबांचा कारभारी. तेव्हा त्याने विचारलं होतं, गाडी खरंच एवढी महाग झाली का. मी म्हणालो होतो, रुपया विसर, ढेप धर. रुपयाच घसरतोय, गाडीबरोबर गूळही चढतोय, म्हणून एकाच भावाकडे पाहून काही कळत नाही. त्याने मन लावून ऐकलं होतं. मला किती बरं वाटलं होतं.

मी गर्दीत त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

मी उठलो, भिंतीपाशी गेलो आणि आक्काबाईंना विचारलं, अडुसष्टला मजुरी काय होती? दोन रुपये, त्या म्हणाल्या. आता? तीन. गाडी तेव्हा सोळा हजारांची, आज चोवीस हजारांची. बाबांच्या आकड्यांखाली मी खडूने दोन भागाकार केले. तेव्हा आठ हजार दिवसांची मजुरी. आज आठ हजार दिवसांची मजुरी.

"ही गाडी तुमच्या घामात मोजली तर जागची हलली नाही," मी म्हणालो. "ढेप आठ रुपयांची वीस झाली, म्हणून गाडी उतरल्यासारखी दिसते. दुष्काळात ऊस जळला, गूळ चढला. बाबा राजूरला कधी गेले नाहीत, तिथंही गाडी बाराशे ढेपांनाच आहे. आता पाटाला पाणी आलंय, ऊस वाढलाय. गूळ पंधरावर आला की हीच गाडी सोळाशे ढेपांना पडेल."

बाबा म्हणाले, "अविश्वासानं भाव चढतोच, मास्तर."

म्हणजे उतरला तर बाबांमुळं, चढला तर आमच्यामुळं. चार-दोन माणसं तरीही माना डोलवत होती.

आक्काबाई मात्र उठल्या. "माजा गूळ द्या. आजच इकते."

गहिनीनाथ म्हणाला, किल्ली घरी राहिली. आक्काबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि बायांना हाक मारली. कुलूप दगडाने फुटलं. दाराशी ढेपांच्या दोन रांगा नीट रचलेल्या होत्या. त्यांच्यामागं छतापर्यंत पोती, आणि पोत्यांत उसाची चिपाडं. एका बाईने हात घालून मूठभर चिपाड बाहेर काढलं आणि तसंच धरून उभी राहिली.

बाबांची समाधी लागली होती. मी गहिनीनाथला गाठलं, तेव्हा त्याने कबूल केलं. गूळ उतरणार हे त्याला माहीत होतं, म्हणून वीसचा भाव असतानाच त्याने दाराशी दिसणाऱ्या दोन रांगा सोडून सगळा विकला होता. थांबा म्हणायचं ते विक्री लपवायला.

"माझ्याकडून शिकलास आणि हे केलंस?"

"तूच सांगितलंस, शांतवन," तो शांतपणे म्हणाला. "मी फकस्त ऐकलं."

फौजदार आले, दोघांना नेलं. पैसा हाती आला नाही. गाडी पुढच्या नंबराला गेली. वैशाखात पुष्पावतीला कळा सुरू झाल्या. भर दुपारी बैलगाडी निघाली, आक्काबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुष्पावती वाचली. बाळ वाचलं नाही.

मला बाबांचा राग येतो, गहिनीनाथचा त्याहून जास्त. पण खरं सांगायचं तर माझाही येतो. जो हिशेब मी काहिलीजवळ एकट्या गहिनीनाथला सांगितला, तो शाळेच्या फळ्यावर सगळ्या वाडीला सांगितला असता, तर त्याचा चमत्कार करायला कुणाची छाती झाली नसती.

आता दर रविवारी मी त्या भिंतीपाशी मोठ्या माणसांचा वर्ग घेतो. आकडे पुसलेले नाहीत, आक्काबाई पुसू देत नाहीत. त्या पहिल्या रांगेत बसतात. एखादी वस्तू कुणाच्या कृपेनं स्वस्त झाली असं कुणी तुम्हाला सांगू लागलं, तर त्याच्या पाया पडण्याआधी त्या विचारतात तेवढं विचारा.

"कशात मोजलं? आन् माज्या मजुरीत किती व्हतंय, ते सांग."