अण्णांचा कान आणि माझी वायर

मित्रांनो, शिलाई मशीन दुरुस्तीच्या या दुकानात शिरलात की डाव्या हाताच्या खिळ्याकडे बघा. एका कानाचा स्पंज उडालेला, माइकच्या दांडीला चिकटपट्टी गुंडाळलेला जो जुना हेडफोन तिथे लटकतोय, तो मी. खुशाल हसा. हे दुकान राहणार की जाणार, हे एकदा माझ्या वायरीतून ठरलेलं आहे, त्यामुळे मला हसण्याचं काही वाटत नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. माझ्या खोक्यावर एका हसऱ्या मुलीचं चित्र होतं. तिच्याकडे बघून मी स्वप्नं रंगवली, की आपण एखाद्या थंडगार ऑफिसात बसून दिवसभर गोड गोड बोलणार. नशिबी आलं हे दुकान. पहिल्याच दिवशी माझ्या स्पंजला मशीनच्या तेलाचा डाग पडला. मी मनातल्या मनात बरीच कुरकुर केली, पण ती ऐकायला तिथे कुणाला वेळ नव्हता.

दुकान अण्णांचं. मशीनचा नुसता आवाज ऐकून ते तिचं दुखणं सांगायचे. मग एकदा ते जिन्यावरून पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि परदेशात राहणारा त्यांचा थोरला मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. दुकान सांभाळायला राहिली मुलगी. तिला सगळे धाकटीच म्हणत. तिचा हात तयार होता, कान मात्र अजून व्हायचा होता. निघताना अण्णा म्हणाले होते, "माझा कान शाबूत आहे तोवर दुकान चालू. अडलीस की फोन कर."

पण परदेशात उठसूट फोन करणं परवडणार कसं? यावर तोड काढली शेजारच्या चष्मेवाल्याने. धाकटी संगणकावर ज्या पानात गिऱ्हाइकांचे ईमेल वाचायची, त्याच पानाच्या कोपऱ्यात फोनचं एक चिन्ह होतं. त्यावर क्लिक केलं की आकडे उघडायचे. नंबर दाबला की इंटरनेटवरून, अगदी थोडक्या पैशांत, थेट थोरल्याच्या घरातला साधा फोन वाजायचा. अण्णांना तिकडे संगणकाची गरज नव्हती, पलंगाशेजारचा रिसीव्हर उचलला की झालं. बोलायला आणि ऐकायला धाकटीने मला विकत आणलं. "पोरगी पत्रांशी गप्पा मारते," असं चष्मेवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

पुढे पिशव्यावाल्या काकूंची मशीन आली. जाड कापडाच्या पिशव्या शिवणारी, मोटरवर चालणारी दणकट मशीन, पण मधेच टाके सोडत होती. काकूंचं सगळं काम तिच्यावर अडलेलं. धाकटीने सुई बदलली, दोऱ्याचा ताण बदलला, बॉबिन बदलली. मशीन ढिम्म. शेवटी तिने अण्णांना फोन लावला, त्यांचं बोलणं लांबूनही ऐकू यावं म्हणून माझा आवाज पूर्ण वाढवला आणि मला मशीनजवळ धरलं.

"लाव मशीन," अण्णा म्हणाले.

"चालूच आहे, अण्णा."

"कुठे चालू आहे?"

"अहो, घरघर चाललीये. काकूंनी कानावर हात ठेवलेत."

पलीकडे रिसीव्हर या कानावरून त्या कानावर गेल्याची खरखर झाली. मग अण्णा हळूच म्हणाले, "तुझं बोलणं येतंय ऐकू. मशीन येत नाही. म्हणजे बारीक ऐकणं गेलं माझं. संपलं."

मला जीव असता तर मी ओरडलो असतो. मशीनची घरघर मी जशीच्या तशी पुढे पाठवत होतो. पण वायर संपली की माझा हक्क संपतो. पुढे काय होतंय, हे मलाही ठाऊक नव्हतं.

थोरल्याने रिसीव्हर घेतला. "ऐकलंस ना? आता तरी हट्ट सोड. दुकान घ्यायला एक जण तयार आहे. महिनाअखेरीला उरकून टाकू."

धाकटीला रडू आलं. रडू आलं तशी ती चिडली, आणि चिडली की ती हटत नाही हे मला तेव्हा कळलं. रोज फोन लावायचा आणि मला नवीन जागी ठेवायचं, असं तिने सुरू केलं. मशीनच्या डोक्यावर ठेवलं, पोटाखाली बांधलं, मोटरला चिकटवलं. माझी दांडी मोडली ती तेव्हा. अण्णा आपले दरवेळी म्हणायचे, "नाही गं. नको त्रास करून घेऊ."

एकदा काकू मशीनची चौकशी करायला आल्या असताना धाकटीचं कोपर लागून टेबलावरची कात्री खाली पडली.

"मोठी कात्री पाडलीस का?" अण्णांनी विचारलं.

धाकटी जागच्या जागी थांबली. "मोठी हे कसं कळलं?"

"आवाजावरून. त्यात काय कळायचंय?"

"अण्णा, फोन ठेवू नका." तिने मशीन बंद केली, माझ्याजवळ तोंड आणलं आणि एक लांबलचक सूर धरला. "अंऽऽऽ…" काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"हॅलो? गप्प का झालीस?" अण्णा विचारत होते.

दम संपेपर्यंत तिने सूर सोडला नाही. मग ती हसायलाच लागली. "अण्णा, मी गप्प नव्हते. तुमचा कान ठणठणीत आहे. हे पान सलग आवाजाला गोंगाट समजतं आणि पुसून टाकतं. बोलणं तेवढं जाऊ देतं."

"मग मशीन कशी ऐकवणार?"

"तुकड्या-तुकड्याने."

तिने मोटरचा पट्टा उतरवला आणि मशीनचं चाक हाताने फिरवायला लागली. एक टाका, थांब. एक टाका, थांब. टक. टक. मी एकेक ठोका पुढे पाठवत होतो. पलीकडे पांघरूण बाजूला सारल्याचा आवाज आला.

"आलं," अण्णा म्हणाले. "टकच्या मागे एक बारीक खट आहे. सुई खाली जाताना वाजतंय की वर येताना?"

धाकटीने चाक अगदी हळू फिरवलं. "वर यायला लागते तेव्हा."

"खालून दोरा पकडणारा हुक सुईला घासतोय. स्क्रू ढिले होऊन तो जागचा हललाय. बसव नीट."

तिने हुक बसवला, स्क्रू आवळले. काकूंनी पिशवीचं जाड कापड घालून लांब शिलाई मारली. एकही टाका सुटला नाही. पलीकडे अण्णा थोरल्याला सांगत होते, "त्या माणसाला कळव, दुकान विकायचं नाही."

नंतर चेहरा दाखवणारे मोबाइल आले, मेलच्या पानातलं ते फोनचं चिन्ह कधीतरी नाहीसं झालं आणि मी खिळ्यावर गेलो. धूळ बसली, एक कान मुका झाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मागच्या आठवड्यात परदेशातून परतलेले अण्णा काठी टेकत दुकानात आले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. "हाच का तो?" म्हणाले आणि मांडीवर घेऊन बसले. धाकटीने एक मशीन मोटरवर सुरू केली. अण्णा मान वाकडी करून ऐकत राहिले, बराच वेळ. आता वाटेत कुठलंही पान नव्हतं, तरी मशीनमधलं बारीकसारीक काही त्यांना ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या हातात होतो, मला ते कळलं. धाकटीलाही कळलं असावं, कारण ती मशीनकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होती.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाला ऐकू येत नाही म्हणून लगेच त्याला मोडीत काढू नका. आधी वाट तपासा. आणि वाट खरंच बंद झाली असेल, तरी घाबरू नका. अण्णा घाबरले नाहीत.

"मोटर बंद कर," ते म्हणाले. "हाताने फिरव. आता तू ऐक आणि मला सांग."

धाकटीने पट्टा उतरवला आणि कान मशीनजवळ नेला. अण्णांनी माझी वायर न पिळता सैलसर गुंडाळली आणि मला परत खिळ्यावर अडकवलं.