दातांपुढे हरलेली पक्कड

मित्रांनो, मी एक जुनी पक्कड आहे. माझे दात पोलादाचे, तरी एका माणसाच्या दातांपुढे मी आयुष्यभर हरले.

भट्टीत तापून, घणाचे घाव सोसून मी घडले. जाळी विणणाऱ्या एका माणसाच्या बायकोने मला हौसेने विकत आणले. मासेमारीचे जाळे पाण्यात खाली बसावे म्हणून त्याच्या कडेला शिशाचे मणी लावतात. मणी दोरीवर बसवून घट्ट दाबायचा, एवढेच माझे काम. पण जाळीवाला मूठभर मणी तोंडात धरी आणि एकेक दाताने दाबी. लोक कौतुकाने त्याला 'अडकित्ता' म्हणत.

"अहो, ही पक्कड वापरा की," बायको म्हणाली.

"माझ्या दातांना काय धाड भरलीय?" असे म्हणत त्याने मला खिळ्यांच्या उघड्या डब्यात टाकले. मला भारी राग आला.

पुढे ती वारली. लेक सासरी गेली. खोलीत उरलो आम्ही दोघेच. त्याच्या तोंडात दिवसभर मणी, मग बोलणार कसा आणि कुणाशी? मी गंज खात पडून होते. फार एकटे वाटे. त्यालाही वाटत असावे. शिशाने काळ्या झालेल्या हातांनीच तो जेवे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राही.

मग त्याचे डोके ठणकू लागले. उन्हाने होत असेल, म्हणून त्याने तिकडे काणाडोळा केला. एके दिवशी विणता विणता त्याचा उजवा हात लुळा पडला.

लेक धावत आली. इस्पितळातून घरी आणल्यावर ती त्याच्याजवळ बसली.

"बाबा, डॉक्टर म्हणाले, तुमच्या रक्तात शिसं फार आहे. ते रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतं. मग त्या ताठरतात, हव्या तेव्हा सैल पडत नाहीत. त्यानं रक्तदाब चढतो. तुमचा कधीपासून चढलेला होता, कुणास ठाऊक. त्यानंच हा अर्धांगाचा झटका आला."

तो खिळ्यांच्या डब्याकडे पाहू लागला. मग जड जिभेने म्हणाला, "तुझी आई सांगत होती."

त्याने डाव्या हाताने मला डब्यातून काढले आणि उजव्या तळव्यावर ठेवले. किती वर्षांनी माणसाचा हात लागला! पण बोटे मिटेनात. मी खाली पडले. लेकीने उचलून पुन्हा ठेवले. मी पुन्हा पडले.

मित्रांनो, शिसे तोंडात धरू नका. ते हाताळलेत तर हात स्वच्छ धुऊनच जेवा. आणि कुणी त्याला दात लावताना दिसले, तर हसून कौतुक करू नका. माझ्यासारखी एखादी पक्कड शोधा आणि त्याच्या हातात द्या, त्याची मूठ वळते आहे तोवरच.