राहिलेली सोळा पानं

पाच वाजता परीक्षणाची वही सरांच्या टेबलावर पडली नाही तर शून्य. तीन वाजून गेले होते आणि चिमणीचं घोडं पान ऐंशीवर अडलं होतं. त्या पानावर कादंबरीतली धाकटी सून तरातरा घर सोडून निघते, आणि शेजारच्याच पानावर ती त्याच घरात गुणगुणत भाजी चिरतेय! चिमणीने तीनदा वाचलं. आपलीच अक्कल तोकडी, असं तिला वाटायला लागलं.

वडिलांचं बाइंडिंगचं दुकान घराला लागूनच. तेव्हा पुस्तकं दोऱ्याने शिवायचे. खळीचा वास तिच्या वह्यांनाही असायचा. तिने शाळेतली ती एकुलती एक प्रत त्यांच्यापुढे उघडली. बाबांनी अक्षरही वाचलं नाही, शिवणीवरून नुसता अंगठा फिरवला.

"शिवतानाच एक फर्मा, पानांची एक अख्खी घडी, राहिलाय गं. सोळा पानं. आकडे बघ."

ऐंशीनंतर थेट सत्त्याण्णव!

"पण बाबा, सगळ्यांची परीक्षणं झालीसुद्धा. याच प्रतीवरून!"

"वाचून?"

चिमणीने खरं ते सांगितलं. वर्गात जुन्या परीक्षणांची एक वही फिरायची, गेली बारा वर्षं पोरं त्यातूनच उतरवायची. 'कथानक ओघवते असून कुठेही खंड पडत नाही.'

"मग तूही टाक उतरवून. सुटशील," दाताने दोरा तोडत बाबा म्हणाले. बघत मात्र होते तिच्याकडेच.

"ओघवतं म्हणे! इथे सोळा पानांचा खड्डा आहे. मी नाही लिहायची."

पाचाला पाच कमी असताना तिने वही टेबलावर ठेवली. सरांनी उभ्याउभ्याच वाचली. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं : 'सोळा पानं नाहीत, हे बारा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे हे पुस्तक आजवर कुणी वाचलेलंच नाही.'

बारा वर्षं ते पुस्तक सरच नेमत होते. त्यांचे कान लाल झाले.

"एवढा परिच्छेद फाड. दहापैकी नऊ देतो. नाहीतर शून्य."

चिमणीने वहीला हात लावला नाही.

"सोळा पानं आधीच गेलीत सर. आता माझं एकही जायचं नाही. द्या शून्य." दारातून ती मागे वळली. "आणि ती पानं कुठे सापडली तर पाठवून द्या. बाबा शिवून देतील."