घोड्यावर न बसलेली राणी

सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. माझ्या बायकोला चाळीस वर्षांत माझं एक वाक्य पटलं नाही, तिथे तुमची काय कथा! पण काल दुपारी तीनच्या सुमारास, तीनशे वर्षांपूर्वी वारलेली राणी आमच्या घरी येऊन स्टुलावर बसली.

माझ्या धाकट्या बहिणीला अकरा वर्षं संधिवात. सकाळी दहापर्यंत बोटं मिटत नाहीत, गरम पाण्यात बुडवून ठेवावी लागतात. म्हणून ती पलंगावरून सांगते आणि मी उतरवून घेतो. तिची कादंबरी याच राणीवर. धाकटीचे सांधे बरे असले की राणी बुरूज चढते, दुखले की पलंगावरूनच दरबार भरवते. थंडीत तर राणी सलग साठ पानं पांघरुणाबाहेर आली नाही.

काल प्रकाशकाचा फोन आला. "बाई, शेवटी तरी तिला घोड्यावर बसवा हो! आणि उद्या सकाळी प्रकरण छापखान्यात नसेल, तर पुस्तक विसरा."

"मला बाथरूमपर्यंत जायला दोन माणसं लागतात," धाकटी म्हणाली, "आणि हिला घोड्यावर चढवू?" चार ओळी सांगितल्या आणि तापाने फणफणून झोपी गेली.

मी लिहून टाकलं असतं हो. पण दुसऱ्याची एक ओळ ती आपल्या नावावर जाऊ देत नाही. पुस्तक बुडालं तरी चालेल.

तेवढ्यात राणीसाहेब आल्या. काठी टेकत, गुडघे हे एवढाले सुजलेले. मी ताडकन उठलो.

"बसा हो," त्या म्हणाल्या, "आणि मलाही बसू द्या."

मी भीत भीत विचारलं, "घोड्याचं काय करायचं?"

"कसला घोडा? चित्रकारांनी बसवलं मला. त्यांचं काय जातंय, गुडघे माझे होते. लिहा."

मग त्यांनी सांगितलं. शत्रूचा सेनापती आला, तेव्हा त्यांना खुर्चीसकट उचलून किल्ल्याच्या दारात ठेवलं. सेनापतीने लवून वंदन केलं. बाईंचे हात मांडीवरून उचलेनात. त्याला वाटलं, केवढा हा तोरा! पाठीशी दहा हजारांची फौज असल्याशिवाय कोण असं बसेल? पाठीशी होती फक्त म्हातारी दासी, छत्र धरून. गडी आल्या पावली परत गेला.

आज सकाळी छापखान्यातला माणूस दारात उभा होता आणि धाकटी पानं वाचत होती. मी तिला सगळं सांगितलं, राणीसाहेब कशा टेकून बसल्या तेही स्टुलावर बसून दाखवलं.

"आजोबा, मला अजून दोन ठिकाणी जायचंय," दारातला म्हणाला.

धाकटीने शेवटचं पान पुन्हा वाचलं.

"शब्द त्यांचे," मी म्हणालो, "माझं नुसतं अक्षर. शप्पथ!"

"दादा, राणी खरंच आली असती तर आपली दासी सहाव्या प्रकरणात वारली हे तिला आठवलं नसतं? तिनेच तर तिचे डोळे मिटले. तुलाच ते सोसलं नव्हतं, उतरवून घेताना रडून कागद भिजवलास. थापाड्या! हातांचं तेवढं खरं आहे. दासी खोड, आणि दे त्यांना पानं."