गुरुवारात बसून बुधवारचं हरीण

निहारचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी सिंगापूरला, बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोह्यांवर खोबरं घालत होते. निहार माझा धाकटा भाऊ. अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, उन्हाळ्यातच एका नव्या गावात राहायला गेलाय. स्क्रीनवर त्याचा चेहरा पांढराफटक, आणि मागे गॅरेजच्या फरशीवर एक अख्खं हरीण.

तो ऑफिसातून येत असताना गाडीसमोर आलं आणि जागच्या जागी गेलं. पोलिस आला, म्हणाला, घरी नेतोस का? तिकडे तशी परवानगी मिळते म्हणे. आमचा निहार घाबरला की कशालाही हो म्हणतो. पोलिसानं हरीण गाडीत चढवूनही दिलं. आता त्याला एवढंच विचारायचं होतं, की ताई, याचं करू काय?

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा.

आजऱ्याकडे आमच्या गावात चार घरं मिळून वाट्याचं बकरं घ्यायची. कापायचे आमचे दादा, म्हणजे वडील. बायकांना आणि पोरींना तिथं मज्जाव. पळसाच्या पानांवर वाटे पडले, की मग फोडणीला हाक. निहारला शिकण्यासाठी मुद्दाम समोर बसवायचे आणि तो डोळे मिटून घ्यायचा. मी दाराच्या फटीतून सगळं बघायचे. सुरी कुठं घालायची, कुठं थांबायचं, सगळं मला पाठ होतं. पन्नाशी आली, पण कापायची वेळ कधी आली नाही.

माझ्या नवऱ्यानं, अभयनं, टाय बांधता बांधता आठवण केली, की आज गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी अंडंसुद्धा फुटत नाही. मी म्हटलं, हरीण बुधवारात आहे, तिकडे अजून बुधवारची संध्याकाळ आहे.

“आणि तू?”

“मी गुरुवारात बसून नुसती बोलणार आहे. हात लावणार नाही.”

फ्रीजरमधली मटणाची तंगडी काढून दाखवणं सोपं गेलं असतं, पण मग गुरुवार मोडला असता. म्हणून लेकीच्या, गार्गीच्या खोलीतून तिचं मोठं कापडी अस्वल आणलं आणि डायनिंग टेबलावर उताणं घातलं. शाळेला निघालेली गार्गी दारातून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आई, नॉट माय बेअर, ला,” आणि लिफ्टकडे पळाली.

निहारनं हरणाचे मागचे पाय दोरीनं बांधून आढ्याला टांगले. आता पोट. इथं चुकलं की सगळं हरीण वाया. पोटातली पिशवी फुटली, की घाण मटणाला लागलीच समजा. मी अस्वलाच्या पोटावर बटर नाईफ धरून दाखवलं. धार बाहेरच्या बाजूला, दोन बोटं आत, बोटांच्या मधून सुरी, सावकाश. निहारची सुरी कातडीला लागली आणि तिथंच थांबली. डोळे मिटलेले. अगदी तसेच.

“ताई, मी टाकून देतो. मला नाही जमणार.”

त्यानं फोन ठेवला असता तर मी काय करणार होते?

“निहार, तू फक्त हात दे. बघायचं ते मी बघते. फोन जवळ आण.”

त्यानं फोन डब्यावर टेकवला. मी एकेक इंच सांगत गेले आणि तो कापत गेला. खाली, थांब, बोट आत घे, आता पुढे. आतडी सगळी एकगठ्ठा टबात उतरली, पिशवी शाबूत. कलेजी बाहेर आली, गडद, गुळगुळीत, एक डाग नाही. माझ्या पाठीमागून अभय हळूच म्हणाला, “वा.” तिकडे तांजोंग पगारच्या ऑफिसात त्याची मीटिंग सुरू होऊन गेली होती.

मग मात्र आम्ही सुटलो. कातडं सुरीनं कमी, मुठीनं जास्त सोलायचं. गाडीचा मार बसलेली बाजू काळीनिळी, ती सरळ टाकायची. पुढच्या पायाला अंगाशी हाडाचा सांधाच नसतो, नुसतं मांस. सुरी फिरवली आणि फरा अलगद सुटून निहारच्या हातात आला. तो हसला. डोळे उघडे ठेवून हसला. दुपारपर्यंत माझे पोहे ताटलीतच वाळले.

शेवटी वाटे. प्रत्येकात थोडी मांडी, थोडी पाठ, थोडी कलेजी. पळस कुठला, फॉइलवर. रीत अशी, की एकानं पाठ करून उभं राहायचं, कापणाऱ्यानं वाट्यावर बोट ठेवून विचारायचं आणि पाठ केलेल्यानं नाव घ्यायचं, म्हणजे कुणाला कमीजास्त नाही. निहार पाठ करून उभा राहिला. मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

“डावीकडचा पहिला. हा कुणाचा?”

“समोरच्या म्हाताऱ्याचा. परवा माझ्या दारातला बर्फ काढला त्यानं.”

“त्याच्या शेजारचा?”

“कोपऱ्यावरच्या नर्सबाईंचा.”

भावाला त्या गावात कुणी नाही, असं मी समजत होते. त्याला माणसं आठवायला क्षणही लागत नव्हता.

“हा शेवटचा. हा कुणाचा?”

तो पाठमोराच म्हणाला, “तुझा. कापलंस तू.”

फ्रीजरमध्ये अगदी खाली ठेव म्हटलं, कुणाला देऊ नकोस, मी येतेय. फोन ठेवला आणि हात धुवायला उठले. नळ सोडल्यावर बघितलं, तर हातांना काहीच लागलेलं नव्हतं.

तरी साबण लावून, कोपरापर्यंत धुतले.