परतीची फेरी

"घरात माणसं किती?" पाहणीला आलेल्या काकांनी विचारलं आणि मांडीवरचा टॅब सरळ केला.

"दोन," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. हा आकडा तोंडातून काढताना आपल्याला काहीतरी होईल, निदान आवाज तरी चिरकेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मुलीला जाऊन नऊ महिने होत आले होते. साध्या तापाचं निमित्त झालं आणि होत्याचं नव्हतं झालं. तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. जेवायची वेळ झाली की ती जेवायची, झोपायची वेळ झाली की दिवा मालवायची.

काका मात्र घामाघूम झाले होते. शहरात पुढे कुठून कुठे रेल्वे न्यायची, कुठली स्टेशनं एकमेकांना जोडायची, हे ठरवण्याआधी लोक आज कुठे जातात-येतात ते घरोघरी जाऊन विचारायचं, अशी ती पाहणी. त्या पाहणीवर देखरेख तिचीच होती, काका तिच्या हाताखालचे. विचारायची घरं कॉम्प्युटर निवडायचा आणि त्याने नेमकं देखरेखवाल्या बाईंचंच घर काढलं होतं. घर बदलून मागता आलं असतं, पण तेवढी खटपट करायचंही तिच्या जिवावर आलं. आज ती त्यासाठीच दुपारी लवकर घरी आली होती.

पोस्टातून निवृत्त झालेले काका महिन्यापूर्वीच या कामावर लागले होते. पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांना तंबी दिली होती, "समोर सख्खा मेहुणा बसलेला असला तरी एकही प्रश्न गाळायचा नाही." आता समोर खुद्द बाईच होत्या. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत काकांनी "आपल्याकडे ट्रॅक्टर आहे का?" हेदेखील गंभीर चेहऱ्याने विचारून घेतलं.

तिच्या कालच्या फेऱ्या झाल्या. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर.

"आता साहेबांच्या."

"त्यांच्या शून्य टाका," ती म्हणाली. "ते घरीच असतात."

त्याने नोकरी सोडली होती. सकाळी ती निघायची तेव्हा तो खिडकीजवळच्या खुर्चीत असायचा आणि रात्री आठला ती परत यायची तेव्हाही तिथेच. त्याची तिला चीड यायला हवी होती, तीही येत नव्हती.

काका अवघडले. "बाई, रागावू नका, पण दुसऱ्याच्या वतीने उत्तर घ्यायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय."

"दोन झाल्या," नवरा म्हणाला. "एक जायची, एक यायची."

"कुठे?" हे तिनेच विचारलं.

"स्टेशनवर."

"चालत?"

"बसने. मग मोठा रस्ता ओलांडून पलीकडे."

त्या रस्त्याचा पोरीला धसका होता. क्लासहून यायची ती संध्याकाळच्या गाडीने, आणि बसस्टॉप पडायचा रस्त्याच्या अलीकडे. अंगाने बापाएवढी झाली तरी त्याचं मनगट धरल्याशिवाय ती तो रस्ता ओलांडत नसे. त्याच रस्त्याखालून भुयारी वाट काढून जुनं स्टेशन नव्या मार्गाच्या स्टेशनला जोडायचं की नाही, यावरून ऑफिसात दोन तट पडले होते. तिकडे माणसं जातात तरी किती, असं एक तट म्हणायचा. त्या बैठकांना ती हजर असायची आणि समोर ठेवलेला चहा मुकाट्याने प्यायची.

"जाण्याचं कारण?" काका वाचू लागले. "नोकरी, शिक्षण, खरेदी, दवाखाना, कुणाला पोचवायला किंवा आणायला, इतर."

"आणायला," नवरा म्हणाला.

काकांनी टॅबवर बोट टेकवलं. "आणि परत येताना बरोबर किती जण?"

"एकटाच."

टॅबवर लाल चौकट उमटली. काकांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा बोट दाबलं. चौकट हटेना.

"साहेब, हे पुढे जाऊ देत नाही. आणायला गेलात तर येताना दोघं पाहिजेत म्हणतंय. कारण चुकलं असेल. 'इतर' टाकून देतो, भागून जाईल."

नवऱ्याने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. 'इतर' टाकलं की काम संपलं, काका चहा पिऊन जातील आणि आपण दोघं पुन्हा होतो तसे, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"बदलू नका," ती म्हणाली. "काका, आमची मुलगी त्या गाडीने यायची. ती वारली. हे अजून तिला आणायला जातात."

'ती वारली' हे घरात याआधी कुणीच उच्चारलं नव्हतं. काकांनी चष्माच काढला.

तिने त्यांच्या हातातून टॅब घेतला. अडलेली नोंद मंजूर करायचा अधिकार तिचाच होता. शेरा विचारला तिथे तिने लिहिलं, 'माहिती बरोबर आहे.' एका घरामागे शंभर घरं धरायची, असा पाहणीचा नियम होता. म्हणजे आता आराखड्यात शंभर माणसं रोज संध्याकाळी मोठा रस्ता ओलांडून कुणाला तरी आणायला जाणार होती आणि एकटीच परत येणार होती. तिने बटण दाबलं. लाल चौकट गेली.

काका चहा न घेताच उठले. जिन्यात त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर तिने विचारलं, "रोज जाता?"

"रविवारी नाही. रविवारी तिला क्लास नसतो."

तिने मान हलवली. घड्याळात पाच वाजून गेले होते. त्याने उठून शर्टाची बटणं लावली, चप्पल पायात सरकवली आणि दाराशी घुटमळला. रोज निघताना सांगायला घरात कुणी नसायचं.

"येतो," तो म्हणाला.

"रस्ता जपून ओलांडा," ती म्हणाली, आणि तो जिना उतरून गेल्यावरही दार तसंच उघडं ठेवून उभी राहिली.